पुठ्ठ्याचं चिलखत

संडे स्कूलचा धाकटा वर्ग थोरल्या जाऊबाईंकडे होता तेव्हा त्यात चाळीस मुलं होती. चर्चच्या पाळकांनी जाऊबाईंना गायनमंडळ दिलं आणि वर्ग धाकट्या जावेकडे आला. तीन महिन्यांत मुलं उरली नऊ. गोष्ट या धाकट्या जावेची. मुलं तिला बाई म्हणायची, आपणही बाईच म्हणू.

जाऊबाईंना गळा होता. त्या उभ्या राहून नुसतं एक कडवं म्हणायच्या आणि मुलं डोलायला लागायची. बाईंचा आवाज दुसऱ्या ओळीला फाटायचा. रविवारी उपासना संपली की जाऊबाई वर्गाच्या दारात यायच्या, आत डोकवायच्या आणि हसून म्हणायच्या, "नऊच का गं? चला, खुर्च्या तरी कमी पुसाव्या लागतात तुला."

बाई हसून साजरं करायच्या. घरी आल्यावर मात्र भांडी आपटायच्या. नवरा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचा, "सोडून दे ना मग. वहिनी घेईल परत." हेच तर बाईंना नको होतं.

बाई खोक्यांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. केकचे, बुटांचे, औषधांचे खोके पट्ट्यावरून पुढे सरकत यायचे, आणि वाकडी घडी दिसली की तो खोका उचलून बाजूला फेकायचा, हे त्यांचं काम. तिथले कातरण-तुकडे शनिवारी कुणीही घरी नेले तरी चालायचं. एका शनिवारी बाईंनी पिशवीभर पुठ्ठा आणला आणि ठरवलं की गळा नाही तर नाही, आपल्याला हात आहेत.

पहिल्या रविवारी नोहाचं तारू झालं. दुसऱ्या रविवारी योनाला गिळणारा मासा. त्याच्या जबड्याला बाईंनी दोन घड्या अशा घातल्या होत्या की शेपूट दाबली की तोंड उघडायचं. मुलं रमली. नवाची अकरा झाली, पण त्यापुढे काटा हलेना. तिसऱ्या रविवारी दावीद आणि गल्याथ आले, म्हणजे गोफणीच्या दगडाने लोळवणारा पोरगा आणि लोळणारा धिप्पाड योद्धा.

बाईंनी जाड कागदाच्या पट्ट्या दुमडून गोफणी केल्या, रद्दीचे गोळे वळले आणि भिंतीवर पुरुषभर उंचीचा कागदी गल्याथ चिकटवला. पहिल्याच माऱ्यात तो कमरेत फाटला आणि लोंबायला लागला. मुलं हिरमुसली. तेवढ्यात पाळकांचा नातू, सात वर्षांचा, वर्गातला सर्वांत बुटका आणि सर्वांत बोलका, म्हणाला, "बाई, शिडीला करा ना गल्याथ!"

सगळा वर्ग खिदळला, आणि बाईही हसल्या. पुढे जे काही झालं त्यात हे त्यांना पुन्हा पुन्हा आठवायचं, की त्या मुलांच्या आधी हसल्या होत्या की नंतर.

शिडी म्हणजे मागच्या खुर्चीवर बसणारी एक मुलगी. वय दहा, दिसायला चौदाची. खांदे रुंद, पाय लांब, फ्रॉक कायम आखूड. वरच्या फळीवरची वस्तू काढायला तिला उठवायचे, म्हणून हे नाव. बाप नव्हता. आई एका मोठ्या धुलाईखान्यात हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची, तिच्या मनगटांवर जुन्या भाजल्याचे डाग होते. रविवारीही तिला सकाळपाळी असायची, म्हणून ती लेकीला सगळ्यांच्या आधी आणून सोडायची आणि सगळ्यांच्या नंतर न्यायला यायची.

"होशील का गं?" बाईंनी विचारलं.

शिडी चटकन उठली. इतकी चटकन, की खुर्ची मागे पडली. सगळे पुन्हा हसले आणि तीही हसली.

पुढच्या शनिवारी बाईंनी तिला बोलावून तिची मापं घेतली. छाती, खांदा, डोक्याचा घेर. बाजारात तिच्या मापाचं कधी काही मिळायचं नाही, आईला शिवण उसवून जोड द्यावा लागायचा. इथे कुणीतरी टेप घेऊन तिच्याभोवती फिरत होतं आणि म्हणत होतं, "खांदे काय छान आहेत गं तुझे! असे खांदे वर्गात कुणाला नाहीत." शिडी श्वास रोखून उभी होती. बाईंनी पुठ्ठ्याचं चिलखत केलं, त्यावर चंदेरी कागदाचे खवले एकेक करून चिकटवले, वर शिरस्त्राण केलं, कपाळ आणि गाल झाकणारं. काम इतकं नेटकं झालं होतं की बाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं.

रविवारी शिडी डरकाळी फोडून पुढे आली. पाळकांच्या नातवाने गोफण फिरवली, गोळा तिच्या शिरस्त्राणाला टप्पकन लागला आणि ती आडवी झाली. हात पसरून, धाडकन, लाकडी जमिनीवर. मुलं किंचाळली, नाचली, "पुन्हा! पुन्हा!" म्हणाली. त्या दिवशी ती सहा वेळा मेली.

पुढच्या रविवारी मुलं चौदा झाली, मग बावीस. घरोघरी मुलं सांगायला लागली की आमच्या वर्गात खराखुरा गल्याथ आहे. धडा दुसरा असला तरी आधी गल्याथ, मग धडा. धड्यातही शिडीला काम असायचंच. लाल समुद्रात बुडणारा राजा ती, शमशोनाने फाडलेला सिंह ती, कोसळणारी भिंतही तीच. बाई दर आठवड्याला नवीन पुठ्ठा कापायच्या. शिडीच्या वाट्याला कधी शेवटपर्यंत जिवंत राहणारं कुणी आलं नाही, आणि तिने मागितलंही नाही. ती फक्त शनिवारी विचारायची, "बाई, उद्या मी कसं मरायचं?"

जाऊबाई दारात आल्या त्या दिवशी खुर्च्या पुरत नव्हत्या. "बरंय," एवढंच म्हणाल्या त्या. बाईंना ते 'बरंय' आठवडाभर पुरलं.

मग शिडीची आई आली. मंगळवारी संध्याकाळी, थेट घरी. दारातच उभी राहिली, बसा म्हटलं तरी बसेना.

"बाई, तिच्या पाठीवर वळ आहेत. दंडावर काळंनिळं झालंय. कागदाने असं होतं का?"

"अहो, पडते ना ती. जोरात पडते. मी सांगते तिला हळू पड म्हणून."

"रस्त्यावर मुलं तिला गल्याथ म्हणतात. मागून मारतात काहीबाही."

"चिडवाचिडवी चालायचीच. आधी शिडी म्हणायची, आता गल्याथ म्हणतात." बाईंनी आवाजात साखर घातली. "आणि खरं सांगू? तीच मागते. विचारा तिला."

मुलगी आईच्या मागे उभी होती. आईने तिला पुढे ओढलं. "तुला नको असेल तर आत्ता सांग. मी आहे इथे."

शिडीने आईकडे पाहिलं नाही, बाईंकडे पाहिलं. "मला पाहिजे," म्हणाली.

रविवारी सकाळी मुलीला ठेवायला दुसरी जागा नव्हती, हे बाईंना माहीत होतं आणि बाईंना माहीत आहे हे आईलाही कळत होतं. ती आली तशी गेली.

आता वळांचं खरं कारण बाईंना ठाऊक होतं, हे इथे सांगितलंच पाहिजे. दोन रविवारांपूर्वी वर्ग झाडताना त्यांच्या पायाखाली एक गोळा आला, तो चुरगळला नाही. त्यांनी तो उलगडला. आत खडा होता, सुपारीएवढा. नुसता कागद हलका, गोफणीतून लांब जात नाही, हवेतच भरकटतो, हे पाळकांच्या नातवाने हेरलं होतं आणि त्यावर तोड काढली होती. बाईंनी आणखी तीन गोळे उलगडले, दोहोंत खडे निघाले. त्या बराच वेळ खडे तळहातावर घेऊन बसल्या. सांगायचं म्हटलं तर पाळकांकडे जाऊन सांगायचं की तुमचा नातू दगड मारतो. मुलांना दटावायचं तर खेळ बंद. आणि तीन आठवड्यांवर वार्षिक कार्यक्रम आलेला, त्यात पहिल्यांदाच धाकट्या वर्गाला वीस मिनिटं मिळालेली. कार्यक्रम झाला की बोलू, असं त्यांनी ठरवलं, खडे बाहेरच्या कुंडीत टाकले आणि केर भरला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. बाई सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. तिथून शिडीचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं चंदेरी डबडं दिसत होतं. मरताना चेहरा दिसला नाही तर लोकांना मजा काय? त्यांनी शिरस्त्राण काढून घेतलं आणि कात्रीने पुढचा भाग कापला. कपाळाची पट्टी गेली, गालांवरचे पुठ्ठे गेले. शिडीने ते परत घातलं.

"आता कशी दिसते?" तिने विचारलं.

"आता माणूस दिसतेस," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. आईबाप, आजीआजोबा, मंडळीचे वडीलजन, पहिल्या रांगेत पाळक आणि त्यांच्या शेजारी जाऊबाई. शिडीची आई पाळी बदलून आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. वर्गात आता एकतीस मुलं होती, अर्धी दाविदाकडची, अर्धी गल्याथाच्या, पलिष्ट्यांच्या बाजूची. बाई व्यासपीठाच्या कडेला, पाठकोऱ्या कागदावर क्रम लिहून तयार.

शिडी आली. डरकाळी फोडली तशी पुढच्या रांगेतली दोन लहान मुलं आईच्या कुशीत शिरली आणि लोक कौतुकाने हसले. पाळकांच्या नातवाने पाच गोळ्यांतला एक निवडला, गोफण फिरवली. पहिला गोळा चुकला. लोकांनी "अरेरे" केलं. नातू लालबुंद झाला, दोन पावलं पुढे सरकला आणि दुसरा मारला.

तो डोळ्यावर बसला. उजव्या.

शिडी पडली नाही. तिने हात डोळ्यावर नेला आणि तशीच उभी राहिली. लोकांना वाटलं नाटकातलंच आहे. कुणीतरी मागून टाळी वाजवली. ती पडत नाही म्हटल्यावर मुलांचा धीर सुटला. "पड ना! ए शिडी, पड!" दाविदाकडची सगळीच मुलं हातातले गोळे फेकायला लागली, मग पलिष्ट्यांकडचीही. तिच्या छातीवर, पोटावर, खवल्यांवर ठकठक आवाज येत होता. कागदाचा आवाज असा येत नाही, पण ऐकतो कोण? ती उरलेल्या एका डोळ्याने बाईंकडे बघत होती. काय करू, असं विचारत होती.

आणि बाईंनी कडेवरून दात आवळून सांगितलं, "पड."

ती पडली. नेहमीसारखी, हात पसरून. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पाळक उभे राहिले, म्हणून सगळेच उभे राहिले.

बाई धावत व्यासपीठावर गेल्या. लोकांना दिसलं की त्या मुलीला उठवायला गेल्या. पण त्या आधी वाकल्या ते तिच्या डोक्याशेजारी पडलेला गोळा उचलायला. कागद सुटला होता, आतला दगड उघडा पडला होता. तो त्यांनी मुठीत घेतला. मग मुलीचा हात डोळ्यावरून बाजूला केला, आणि तेव्हा पहिल्या रांगेतली एक आजी किंचाळली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बुबुळ फाटलंय. शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आता दुसरा डोळा जपा.

पाळकांनी आपल्या खोलीत सगळ्यांना बसवलं. पाळक भला माणूस होता, त्याला भांडण नको होतं. शिडीची आई खुर्चीच्या टोकावर बसली होती, तीन रात्री न झोपलेली. जाऊबाई ज्येष्ठ म्हणून आल्या होत्या. नातवालाही बोलावलं होतं.

"बाळ, त्या गोळ्यात काही होतं का?" पाळकांनी विचारलं.

नातवाने आजोबांकडे पाहिलं नाही. बाईंकडे पाहिलं. बाईंनी किंचित, अगदी किंचित नकारार्थी मान हलवली.

"कागदच होता," नातू म्हणाला.

"कागदाने डोळा फुटतो?" आई म्हणाली.

"चिलखताचा कोपरा लागला असेल पडताना," बाई म्हणाल्या. "पुठ्ठा कापला की धार येते त्याला. माझंच चुकलं, मी कडा दुमडायला हव्या होत्या." एवढा छोटा दोष स्वतःकडे घेतला की मोठा कुणी शोधत नाही, हे त्यांना कारखान्यात कळलं होतं.

"तिला विचारलंत?" पाळकांनी आईला विचारलं.

आई जमिनीकडे बघत म्हणाली, "ती म्हणते, 'मीच पडायला उशीर केला, म्हणून लागलं.' एवढंच म्हणते. दुसरं काही बोलतच नाही." मग ती बाईंकडे वळली. "बाई, तुम्हाला मूलबाळ नाही. पण खरं सांगा. तुम्हाला काही माहीत होतं?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"माझी धाकटी जाऊ आहे ही," जाऊबाई मध्येच म्हणाल्या, मऊ आवाजात. "हिला मुंगी मारवत नाही."

पाळकांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि मुलीसाठी लांब प्रार्थना केली. आईने डोळे मिटले नाहीत. दवाखान्याच्या खर्चासाठी मंडळीत दानाची पिशवी फिरवायचं ठरलं आणि बैठक उठली.

घरी जायला दोघी जावा बरोबरच निघाल्या. फाटकापाशी जाऊबाई थांबल्या.

"दगड कुठे टाकलास?"

बाईंनी फाटकाची कडी काढली. "कसला दगड?"

"मी पहिल्या रांगेत होते गं. तू आधी काय उचललंस ते पाहिलं मी." जाऊबाईंनी बाईंच्या खांद्यावरचा दोरा काढून टाकला, अगदी मायेने. "काळजी करू नकोस, मी नाही बोलणार."

बाईंना रडू फुटलं. "ताई, तुम्ही घ्या वर्ग. मला नको आता. मी पाया पडते, घ्या परत."

"छे! आत्ता सोडलास तर लोक विचारतील ना, का सोडला म्हणून?" जाऊबाई म्हणाल्या. "आणि एकतीस मुलं आहेत. लोक चाळीस म्हणतात, पण इतकी माझ्याकडेही शेवटी राहिली नव्हती. तूच चालव. दर रविवारी."

बाईंनी वर्ग चालवला. दोन-तीन रविवार मुलं दबकून होती, मग विसरली. दोन महिन्यांनी शिडी परत आली. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, तोच आखूड फ्रॉक. मुलं तिच्यापासून हातभर लांब बसली. वीस मिनिटं गेली आणि पाळकांच्या नातवाने विचारलंच, "बाई, आता गल्याथ कोण?"

शिडी उठून उभी राहिली.

"गल्याथ बंद," बाई म्हणाल्या. "बस खाली."

"मग मी काय होऊ?"

"काही नको होऊस. तुकडे काप."

बाईंनी तिला कात्री आणि कागद दिला. एका डोळ्याने तिला अंतर कळेना. कात्री कागदाच्या अलीकडेच मिटायची, नाहीतर रेघ सोडून भलतीकडे जायची. बाजूची मुलगी फिसकन हसली, मग दुसरी. शिडीही त्यांच्याबरोबर हसली, आणि मान वर करून बाईंकडे पाहायला लागली, शाबासकीसाठी. दर थोड्या वेळाने ती मान अशी वर व्हायची. बाईंना त्या दिवशी धडा पुरा करता आला नाही.

पुढच्या आठवड्यात त्या पाळकांकडे गेल्या. म्हणाल्या, धाकट्या वर्गाला वयाची अट हवी, दहापर्यंत, मोठी मुलं असली की लहानांना बुजायला होतं. पाळक म्हणाले, ठीकच आहे की. शिडीला अकरा पूर्ण होऊन नऊ दिवस झाले होते. मोठा वर्ग दुपारी भरायचा आणि दुपारी आईला सुट्टी असायची, म्हणजे तिची सोयच झाली, असंही बाई म्हणाल्या.

आईला त्यांनी दारातच सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही.

"दुपारी मी घरी असते, बाई. मला सकाळी काम असतं," एवढंच म्हणाली. "सकाळी हिला कुठे ठेवू?"

"नियम आहे," बाई म्हणाल्या.

आईने लेकीचा हात धरला, उजव्या बाजूने, जिकडून तिला दिसत नव्हतं. शिडीने जाता जाता विचारलं, "माझं चिलखत?" ते बाईंनी कधीच फाडून टाकलं होतं.

पण सकाळची पाळी काही चुकली नाही. आई लेकीला पूर्वीसारखीच सगळ्यांच्या आधी आणायची आणि वर्गाबाहेर, खिडकीखालच्या पायरीवर बसवून कामावर जायची. आत गोष्ट सुरू झाली की शिडी उभी राहायची. बसून तिला ऐकू येत नसावं. उंच असल्यामुळे खिडकीत तिचा चेहरा पुरा दिसायचा, पट्टीसकट. ती काचेला नाक लावायची नाही, ठोठवायची नाही, नुसती उभी असायची. गोष्टीत कुणी मेलं की तिचे ओठ हलायचे.

तीन रविवार बाईंनी खिडकीकडे पाठ करून शिकवलं. चौथ्या रविवारी त्या पिशवीभर पारदर्शक रंगीत कागद घेऊन आल्या, मिठाईच्या खोक्यांवर लावतात तो. आज आपण खिडक्या सजवायच्या, त्यांनी सांगितलं. प्रत्येकाने आपल्याला आवडतो तो रंग घ्यायचा, वाटेल तसा तुकडा कापायचा आणि काचेवर चिकटवायचा. खुर्च्या ओढून मुलं काचांना भिडली. खालची तावदानं झाकली, मग वरची. अर्ध्या तासात खोलीत लाल, निळा, हिरवा उजेड पसरला. मुलं एकमेकांचे रंगलेले हात बघून ओरडायला लागली.

उपासना संपल्यावर जाऊबाई नेहमीसारख्या दारात आल्या. आत पाऊल टाकलं आणि थबकल्या. "अगं बाई! काय सुंदर दिसतंय!" म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात टोचण नव्हती. त्यांनी पाळकांना बोलावून आणलं आणि पाळकांनी बाईंना सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

पाळकांचा नातू अजून खुर्चीवर चढून शेवटची काच झाकत होता.

"बाई," तो म्हणाला, "या पिवळ्या कागदामागे कुणीतरी उभं आहे."

"झाड असेल," बाई म्हणाल्या.

"या बाजूला झाड नाहीये."

"मग त्याच्यावर दुसरा कागद लाव," बाई म्हणाल्या. "गडद घे."